पंचेचाळिशीतले मुरुम आणि बिचारा हापूस

एप्रिल उजाडला की रत्नागिरीत मुरुमांचा आरोपी ठरलेलाच असतो: हापूस. हनुवटीवर पुटकुळी दिसायची खोटी, ‘आंबे बाधले, उष्णता झाली, पोट साफ ठेव’ असा निकाल तयार. बाई पंचेचाळिशीची असेल तर वर टोमणा: ‘आता या वयात कसले गो मुरुम?’

हा पक्ष अगदीच पोकळ नाही. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या खाण्याचा मुरुमांशी संबंध आढळतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत असं खाणं कमी केलेल्या तरुणांचे मुरुम घटले होते. तेव्हा आमरसाची तिसरी वाटी टाळली तर बिघडत नाही. आंब्याचा चीक ओठाला लागून उततं, तेही खरं. पण ती चिकाची इजा, मुरुम नव्हेत. आणि आंबाच गुन्हेगार असेल, तर गणपतीतही पाळीच्या आधी त्याच हनुवटीवर तोच ठणकणारा गोळा का उठतो?

कारण गोष्ट पोटाची नाही, तैलग्रंथींची आहे. त्या अँड्रोजेन संप्रेरकांच्या हुकमतीत असतात. पाळी जाण्याच्या सुमाराला इस्ट्रोजेन उतरू लागतं आणि अँड्रोजेनचं पारडं तुलनेने जड होतं. छिद्रं तुंबतात, आत जंतू वाढतात, सूज येते. म्हणूनच या वयातले मुरुम बहुधा जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर येतात.

घरगुती उपायांचं म्हणाल तर लिंबू चोळून मे महिन्याच्या उन्हात निघालं की त्वचा भाजून काळी पडते. कपाळापर्यंत चोपडलेलं खोबरेल छिद्रं बुजवतं. पण खरा राग त्या ट्यूबचा येतो. ‘चेहऱ्याला काहीतरी चांगलं मलम द्या हो’ म्हटलं की काउंटरवर येते ती. खोक्यावर बारीक अक्षरात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टिरॉइड. आठवड्यात चेहरा उजळतो, शेजारीण नाव विचारून घेते. काही महिन्यांत त्वचा पातळ, लालबुंद, आणि मुरुम दुप्पट. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री बंद केली. तरी ट्यूब मिळतेच.

मग करायचं काय? या वयातली त्वचा आधीच कोरडी. तिला घासून-पुसून कोरडं ठणठणीत करणं हा उलटा धंदा आहे. सौम्य फेसवॉश, आधी मॉइश्चरायझर, त्यावर रात्री मटाराच्या दाण्याएवढं अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड मलम, तेही सुरुवातीला एकाआड एक रात्री. पहिले काही आठवडे सालपटं निघतील, नेमकं तेव्हाच बायका औषध सोडतात. त्याच रेटिनॉइड घराण्यातलं ट्रेटिनोइन बारीक सुरकुत्याही कमी करतं, हा वरचा नफा. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्के पुरतं. दहा टक्क्यांनी गुण तेवढाच, जळजळ मात्र जास्त. उशीचे अभ्रे पांढरे वापरा, याने रंगीत अभ्र्यांचा रंग उडतो. मागे राहणारे काळे डाग महिनोन्महिने रेंगाळतात, म्हणून दमट हवेत चिकचिकलं तरी सनस्क्रीन हवंच.

मलमांनी भागलं नाही तर संप्रेरकांवर काम करणारं स्पिरोनोलॅक्टोन आहे. इंग्लंड-वेल्समधल्या ४१० स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले: १२ आठवड्यांत फरक जेमतेम, २४ आठवड्यांत स्पष्ट. धीर हवा तो असा.

मात्र मुरुम अचानक उसळले, सोबत हनुवटीवर राठ केस आले किंवा आवाज घोगरा झाला, तर मलम बाजूला ठेवून रक्ततपासणी करावी. क्षयाच्या औषधांमधल्या आयसोनियाझिडनेही असा पुरळ उठतो, तेव्हा चालू गोळ्यांची यादी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहणारच नाही, असं गृहीत धरू नये. रेटिनॉइड मलमं गरोदरपणात टाळतात, स्पिरोनोलॅक्टोन चालत नाही, आणि आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्यांनी तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. डॉक्टरांनी चाळिशीच्या बाईलाही गर्भ राहण्याच्या शक्यतेबद्दल विचारलं तर तिने लाजू नये, आणि त्यांनी विचारलं नाही तर तिने स्वतः सांगावं.