व्याह्यांच्या रायफलीचा दस्ता

मंडळी, शीर्षक वाचून दचकू नका. सत्तरी ओलांडल्यावर मास्तरीणबाईंनी बंदूक हातात घेतलेली नाही! पण सध्या विस्कॉन्सिनला लेकीकडे मुक्काम आहे आणि गेले तीन आठवडे इथे जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नाही. तेव्हा माझंही मत सांगून टाकते.

आमच्या व्याह्यांची हरणाच्या शिकारीची एक रायफल आहे. हाताने बोल्ट मागेपुढे करून एकेक काडतूस चढवायचं, अशी. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, व्याह्यांनी वर्षानुवर्षं तेलपाणी करून राखलेला. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि ती जावयांकडे आली. आता प्रश्न असा, की तो लाकडी दस्ता काढून सिंथेटिक बसवायचा का? लेक म्हणते, "डॅडच्या हाताची खूण कशाला काढायची?" जावई गप्प.

का गप्प, ते मागाहून कळलं. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. गेल्या नोव्हेंबरात त्याआधी दोन दिवस ओला बर्फ पडत होता. जावयांनी एका मादीवर नेम धरला. गोळी खांद्यामागे लागायची ती पोटात लागली. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, ती सापडली नाही. घरी आले ते न जेवताच झोपले.

शिकार करावी का, या वादात मी पडत नाही. आपल्याकडे ती कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथे ती रीतसर परवान्याने चालते, मांस वर्षभर घरात खाल्लं जातं. मी कोकणातली, मासे खाणारी. मी कुणाला शिकवायचं? पण एक गोष्ट मला पटते: मारायचंच असेल तर जीव तडफडत ठेवू नये.

नेम का चुकला? दुर्बिणीचे स्क्रू जावयांनी तपासले, ते घट्ट होते. मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्यामध्ये डॉलरची नोट सरकवायची. कोरड्या दिवसांत ती आरपार सरकते. दमट हवेत मध्येच अडकते. मी लगेच म्हटलं, "अहो, हे तर आमच्या माजघराचं दार!" जूनमध्ये फुगणारं, दिवाळीनंतर आपोआप लागणारं. लाकूड फुगून नळीला एका बाजूने रेटलं, की गोळी पडण्याची जागा बदलते. माणसाचा हात कितीही स्थिर असो.

हे काही नवं नाही. अमेरिकेच्या मरीन दलाने १९६६ मध्ये रेमिंग्टन ७०० वर बेतलेली एम-४० रायफल घेतली, तिचा दस्ता लाकडीच होता. व्हिएतनामच्या दमट हवेत ती लाकडं फुगली, वाकली. पुढे १९७० च्या दशकात एम-४०ए१ ला मॅकमिलनचे फायबरग्लासचे दस्ते आले.

पण सिंथेटिक म्हणजे सरसकट चांगलं, असंही नाही. साच्यात ओतलेला स्वस्त प्लॅस्टिकचा दस्ता पुढच्या टोकाला इतका लवचिक असतो, की बोटांनी दाबला तर नळीला टेकतो. म्हणजे फुगण्याचं दुखणं गेलं आणि वाकण्याचं आलं! हाताने थर देऊन केलेले फायबरग्लासचे किंवा कार्बनचे दस्ते ताठ आणि हलके असतात, पण महाग. आणि रायफल हलकी झाली, की खांद्याला धक्का जास्त. काहींच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असतो, त्यावर रायफलीची बैठक पक्की बसते. शिवाय माप जुळायला हवं: यंत्रणा लांब की आखूड, नळी जाड की बारीक, मॅगझिनचं झाकण खालून उघडतं की नाही. कुठल्याही पाट्याला कुठलाही वरवंटा चालतो, तसं इथे नाही. दस्त्याची लांबीही पाहावी. व्याही उंच होते, जावई त्यामानाने ठेंगणे, त्यात थंडीचं जाड जॅकेट. खांद्यात नीट न बसणारी रायफल बापाची असली तरी ती बापाच्याच मापाची राहते.

लेकीने दुसरा उपाय सुचवला: लाकूडच आतून तासून घ्यावं, म्हणजे नळीला टेकणार नाही. होतंही तसं, बरेच लोक करतात. पण मला तिथेच उत्तर सापडलं. ज्या लाकडावर व्याह्यांनी हात फिरवला, त्याला पटाशी लावायची आणि वर म्हणायचं की आठवण जपली? त्यापेक्षा ते जसंच्या तसं काढून कोरड्या कपाटात ठेवावं. वाटलं तर नातवाने उद्या परत बसवावं.

म्हणून माझं मत: दस्ता बदलावा. स्वस्तातला नको. मधल्या किमतीचा, ताठ, आत अ‍ॅल्युमिनियमची बैठक असलेला घ्यावा. आणि बसवल्यावर मैदानात जाऊन नेम पुन्हा जुळवल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये.

मी हे बोलले तेव्हा जावई म्हणाले, "आई, डॅडला राग आला असता का हो?" मी म्हटलं, "ती मादी सापडली नाही, याचा जास्त आला असता."

आठवण माणसाची जपायची असते. तिची किंमत मुक्या जनावराने का द्यावी? असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. लेक अजून माझ्याशी थोडी फुरंगटून आहे!