अर्धाच वाचलेला 'असूड'

जुन्या पुस्तकाचा एक गुण असा कीं, तें आपल्या पूर्वीच्या मालकाची साक्ष देतें. महात्मा फुले यांच्या समग्र वाङ्मयाची एक वापरलेली प्रत नुकतीच माझ्या हातीं आली. हा ग्रंथ राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९६९ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्यांतील 'शेतकऱ्याचा असूड' मी उघडला. पहिल्या प्रकरणांत, धर्माच्या नांवाखालीं शेतकरी कसा नाडला जातो हें सांगितलें आहे. तेथें ओळीमागून ओळी पेन्सिलीनें अधोरेखित केलेल्या होत्या. समासांत 'वाहवा' असेंही लिहिलें होतें. दुसऱ्या प्रकरणापासून मात्र समास कोरे!

पूर्वीच्या मालकाला मी दोष देत नाहीं. आम्हां सुशिक्षितांची वाचनाची रीतच ही आहे. फुल्यांचा संताप आम्हांस आवडतो, त्यांचा हिशेब आवडत नाहीं. संतापाला टाळी दिली कीं कर्तव्य संपतें. हिशेब मात्र आमच्या घरापर्यंत येतो.

त्या कोऱ्या पानांत आहे तरी काय? डोंगर, दऱ्या व चराऊ रानें जंगलखात्याच्या कुंपणांत गेल्यामुळें, फळें, पानें व सरपण यांवर गुजराण करणारा लहान शेतकरी कसा उघडा पडला, हें फुल्यांनीं १८८३ सालीं लिहून ठेविलें. १८७८ चा जंगल कायदा तेव्हां अवघा पांच वर्षांचा होता.

याची प्रचीति गोंदिया जिल्ह्यांतील दरेकसा येथें येते. नागपूर-हावडा लोहमार्गावरील या लहानशा स्टेशनावर आमचीं कुटुंबें हाजरा धबधबा पाहावयास उतरतात. माघी पौर्णिमेस कचारगडच्या गुहांकडे जाणाऱ्या गोंड यात्रेकरूंची येथें रीघ लागते. पण उन्हाळ्यांत, आमची वर्दळ ओसरल्यावर, या मुलखांत तेंदूपानांचा हंगाम येतो. पहांटे रानांत जाऊन पान खुडावें, ७० पानांचा पुडा बांधावा. असे १,००० पुडे झाले म्हणजे एक गोणी. म्हणजे ७०,००० पानें एकाच कुटुंबाच्या बोटांखालून जावयाचीं! आणि भाव ठरतो त्या ठिकाणीं हीं बोटें कोठें असतात?

कोणी म्हणेल, फुल्यांचा काळ गेला. आतां कायदे झाले आहेत. कायदे झाले, हें खरें. ज्या वर्षीं हा ग्रंथ निघाला त्याच १९६९ सालीं महाराष्ट्रानें वनोपजाच्या व्यापाराचें नियमन करणारा कायदा केला. दलालाच्या जागीं सरकार आलें, पण पान खुडणारा होता तेथेंच राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानें तेंदूपान व बांबू यांसह गौण वनोपजावर रानांत राहणाऱ्यांची मालकी मान्य केली. त्याच्या बळावर गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविला आणि पुढें आपला बांबू आपण विकला. तेव्हां गोष्ट अशक्य नाहीं. परंतु कागदावरील मालकी बाजारांतील भावापर्यंत न्यावयाची, तर हिशेब, पत्रव्यवहार व लिलावाच्या अटी समजून घेणारीं माणसें लागतात. विद्येच्या अभावीं होणारा अनर्थ फुल्यांनीं सांगितला तो हाच. आणि विद्या तर आमच्या घरांत साठून राहिली आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, विषमता कोठें नाहीं? उत्तर सोपें आहे. ती सर्वत्र आहे म्हणून आपल्या दारची क्षम्य ठरत नाहीं. दरेकशाला जाऊन धबधब्याचीं छायाचित्रें आणणाऱ्या गृहस्थाला, तेथील तेंदूच्या पुड्याला काय भाव मिळाला, हें एकदां विचारावयास काय हरकत होती?

फुल्यांची जयंती करावयास आमची ना नाहीं. पण ज्यांच्या घरीं हा ग्रंथ असेल, त्यांनीं आज तो काढून दुसरें प्रकरण उघडावें, आणि आपल्याही समासांत पेन्सिल कोठें थांबली आहे तें पाहावें. माझ्या प्रतीपुरतें सांगतों: तेथून पुढें मी आतां खुणा करूं लागलों आहें.