विश्लेषण : ब्रेक दाबला की गाडी बंद पडते, दोष ई२० पेट्रोलचा की इंजिनाचा?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. तेव्हापासून गाडीच्या प्रत्येक दुखण्याचे खापर ई२० पेट्रोलवर फुटते आहे. ‘थांबताना इंजिन बंद पडते’ ही त्यातलीच एक तक्रार. रेणापूर तालुका उसाचा; निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे. त्यामुळे इथे इथेनॉल हा शेतकऱ्याच्या पैशाचाही विषय आहे. पण गाळप हंगामात पिंपळफाट्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमध्ये गाडी अचानक बंद पडली, तर प्रश्न जिवाचा होतो. मग दोष नेमका कुठे शोधायचा?

थांबतानाच इंजिन का बंद पडते?

गाडी वेगात असताना इंजिनाला भरपूर हवा आणि इंधन मिळते. थोडे कमी-जास्त झाले तरी खपून जाते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची झडप जवळपास मिटते. मग मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांवर, अगदी थोड्या हवेवर इंजिन तग धरते. एसी, हेडलाइट, पॉवर स्टिअरिंग यांचा भार त्यातच येतो. झडपेच्या कडेला काजळी साचली, व्हॅक्यूम पाइपला चीर गेली किंवा पेट्रोलचा दाब कमी पडला, तर इंजिन याच क्षणी मान टाकते.

ई२० चा वाटा किती?

इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज ई२० मुळे ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले होते. पण मायलेज घटणे वेगळे आणि इंजिन बंद पडणे वेगळे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धूर तपासतो आणि ईसीयू इंधन वाढवून घेतो. मात्र या वाढीला मर्यादा असते. पाइपमधून हवा गळत असेल किंवा इंजेक्टर तुंबला असेल, तर ही मर्यादा आधीच संपत आलेली असते. ई२० त्यात भर घालते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना तर ही सोयच नाही.

दुसरा मुद्दा पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत जास्त पाणी गेले तर पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो आणि पंप तिथूनच इंधन उचलतो. त्रास पेट्रोल भरल्याबरोबर सुरू झाला असेल, तर ही शक्यता आधी तपासावी.

निदान कसे करायचे?

आधी एक खात्री करा. नव्या अनेक गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असते. क्लच दाबताच किंवा ब्रेक सोडताच इंजिन सुरू होत असेल, तर तो बिघाड नाही. अन्यथा ‘कधी बंद पडते’ हे टिपून ठेवा :

• एसी लावल्यावर किंवा सिग्नलला : थ्रॉटल बॉडीची सफाई करून घ्या. नंतर आयडलिंग नव्याने जुळवावे लागू शकते.
• ब्रेक पेडल दाबताच : गाडी उभी करून, हँडब्रेक लावून पेडल दाबा. सुसू आवाज येऊन आयडलिंग डळमळले, तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा पाइप गळत असावा. हे टाळू नका.
• इंजिन तापल्यावर, थंड झाल्यावर पुन्हा चालू : क्रँक सेन्सर किंवा फ्युएल पंपाकडे पाहा.
• टाकी काठोकाठ भरल्यावर : पर्ज व्हॉल्व्ह तपासा.
• फक्त सीएनजीवर : किटचे ट्यूनिंग करा.
• डिझेल गाडी : फिल्टरमधील पाणी आणि ईजीआर व्हॉल्व्ह बघा.

यानंतर स्कॅनर लावा. पी०५०५ हा कोड आयडलिंगची यंत्रणा, पी०१७१ हा कमी पडणारे इंधन किंवा जादा हवा दाखवतो. कोड म्हणजे निकाल नव्हे, दिशा आहे. पी०१७१ दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे बहुधा पैसे वाया. आधी पाइप तपासावेत. स्वस्त काम आधी, ईसीयू आणि पंप शेवटी.

दोष कंपनीचाच असेल तर?

तसेही घडते. होंडा कार्स इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्यांचे फ्युएल पंप मोफत बदलण्याची घोषणा केली. पंपातील सदोष इम्पेलरमुळे इंजिन बंद पडण्याची शक्यता होती. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी, विशेषतः जुनी गाडी घेतली असेल तर, आरसी बुकावरील चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर?

स्टिअरिंग जड होते, पण वळते. ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन वेळेपुरता व्हॅक्यूम उरतो. म्हणून पेडल वारंवार न मारता एकदाच दाबून धरावे. किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकते. चारही इंडिकेटर लावून गाडी डावीकडे घ्यावी.

जुन्या गाड्यांसाठी इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे बहुतेक पंपांवर ई२०च मिळणार. इंधन निवडणे ग्राहकाच्या हातात फारसे नाही. गळका पाइप आणि काजळलेली झडप वेळेत दुरुस्त करणे मात्र आहे.