कुलूप कपाटाला, मुलांची नावे परक्याला

आमच्या शाळेत जनरल रजिस्टर कुलूपबंद कपाटात असते. दाखल्यासाठी आलेल्या पालकाच्याही हातात ते देत नाहीत. त्याच शाळेने मुलांची नावे, जन्मतारखा, अम्मीचे मोबाइल नंबर एका अ‍ॅपवाल्याला देऊन टाकले. कशासाठी? लॉगिनसाठी! मी विचारले, तर म्हणाले, "सर, फुकट आहे."

फुकट तर कीक्लोकही आहे. २०१४ पासूनचे, ओपन सोर्स. भाड्याच्या साध्या सर्व्हरवर एका शाळेचे लॉगिन सहज सांभाळते, पासवर्डऐवजी त्याचा हॅश साठवते. मुख्य म्हणजे उद्या अ‍ॅप बदलले तरी मुलांची खाती आपल्याकडेच राहतात, आणि कुठल्या अ‍ॅपला किती माहिती द्यायची हे आपण ठरवतो.

"आपल्या लोकांना जमणार नाही" हे मला सर्वांत जास्त खटकते. उर्दू शाळांबद्दल तर हे आपणच बोलतो! जमते, कंटाळवाणे आहे, एवढेच. अपडेट वेळेवर करायचे, बॅकअप घ्यायचा, अ‍ॅडमिनचे पान जगाला उघडे ठेवायचे नाही, वारंवार चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्याला अडवणारी सोय चालू आहे ना ते पाहायचे. एवढे करणारा माणूस नसेल, तर सर्व्हर घेऊच नका. त्यापेक्षा वही बरी.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे कलम आहे. आमच्या पालकांना कुणी विचारले होते? शिक्षकसभेत मी एवढेच म्हणालो. तेवढ्यात चहा आला आणि पुढचा विषय सुरू झाला.