फलक नाही, मग दंड कसला?
सम-विषम तारखेचे पार्किंग कोणत्या बाजूला, हे सांगणारा फलक फांद्यांआड गेलेला किंवा खांबावरून नाहीसा झालेला असतो. तरी वाहनचालकाच्या मोबाइलवर ५०० रुपयांचे ई-चलान येऊन धडकते. हा अन्याय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ११६मध्ये फलकांची तरतूद आहे, ती निर्बंध लोकांच्या लक्षात आणून देण्यासाठीच. म्हणून दंड घाईने भरू नका. भरला की प्रकरण तडजोडीने मिटते. त्याच दिवशी गाडी, रिकामा खांब आणि रस्त्याची दोन्ही टोके दिसतील असे फोटो काढा आणि महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. फूटपाथ किंवा झेब्रा क्रॉसिंग अडवले असेल, तर मात्र ही सबब चालणार नाही. नियम पाळणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, तसे तो ठळकपणे सांगणे हे प्रशासनाचे.