बोटांचा हिशेब धरूनच मशीन घ्या

सुतारकाम हा कष्टाचा आणि इज्जतीचा धंदा आहे. हजरत जकरिया (अ.) हे सुतार होते, असे हदीसमध्ये नमूद आहे. मुंबईच्या ओशिवरा फर्निचर बाजारापासून कोकणातल्या लहान गावांपर्यंत आपले अनेक बांधव याच धंद्यावर घर चालवतात. पूर्वी हाताने रंधा मारून फळ्या सारख्या करण्यात दिवस जायचा. आता टेबलावर मावणारे छोटे थिकनेस प्लेनर बऱ्याच कारखान्यांत आले आहे. फळी एका बाजूने आत सारली की रोलर तिला ओढून घेतात, वर फिरणारी पाती साल काढतात आणि दुसऱ्या बाजूने सारख्या जाडीची फळी बाहेर येते. दिवसाचे काम तासावर आले. ही प्रगती आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु मशीन घेताना आपण जो हिशेब मांडतो तो अपुरा असतो. मशीनची किंमत, विजेचे बिल आणि वाचणारी मजुरी एवढेच आपण धरतो. ते चालवणाऱ्याचे हात, कान आणि छाती यांचा विचार त्या हिशेबात नसतो.

तकदीर म्हणून मोकळे होऊ नका

ओळखीच्या एका कारखान्यात विशीतला एक मुलगा हे मशीन चालवत होता. छिलके अडकून मशीन तुंबले. त्याने बटण बंद केले आणि लगेच तोंडात हात घातला. बटण बंद केल्यावरही पाती काही क्षण फिरत राहतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. दोन बोटांची पेरे गेली. मालक भला माणूस आहे. दवाखान्याचा सगळा खर्च त्याने केला. पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच वाक्य ऐकवत होता, "तकदीरमध्ये होते, झाले."

तकदीरवर आपला सर्वांचा विश्वास आहे. पण आधी उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवणही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच आहे. प्लग काढणे, पाती थांबेपर्यंत थांबणे, मुलाला नीट शिकवणे, हे आपले उंट बांधणे आहे. ते न करता तकदीरचे नाव घेणे म्हणजे आपली चूक झाकणे होय.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक कोष्टक होते. अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचे नुकसान ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५० टक्के. कायद्याला कुठेतरी आकडा मांडावाच लागतो. पण तर्जनी नसलेल्या सुताराला पटाशी धरायला सांगा, म्हणजे त्या १४ टक्क्यांचा खरा अर्थ कळेल.

मशीन छोटे, वेग मोठा

आकारामुळे या मशीनची भीती वाटत नाही, हाच मोठा धोका आहे. अशा बहुतेक मशीनमधला पात्यांचा कटर मिनिटाला आठ ते दहा हजार फेरे घेतो. दोन पाती आणि आठ हजार फेरे धरले तरी मिनिटाला १६ हजार काप झाले. रोलर मिनिटाला साधारण आठ मीटर फळी ओढतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ सेंटिमीटर. हात मागे घेऊ, असे म्हणेपर्यंत फळी वीतभर आत गेलेली असते.

उघड्या पात्यांच्या मोठ्या रंधा मशीनपेक्षा हे मशीन सुरक्षित आहे, हेही खरे. पाती झाकलेली असतात. म्हणूनच येथे अपघात ठरावीक वेळीच होतात. अडकलेला तुकडा काढताना, प्लग न काढता पाती बदलताना, फळीखाली बोटे राहिल्याने, किंवा आखूड तुकडा मागे उसळल्याने. ही चार कारणे कारखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली तरी बरेच काम होईल.

जागा आणि वीज

मशीन घेण्याआधी जागा मोजा. आठ फुटी फळी चालवायची तर मशीनच्या पुढे आठ फूट आणि मागे आठ फूट मोकळे हवेत. मशीन धरून १८ फूट झाले. गाळा तेवढा लांब नसेल तर मशीन दारासमोर बसवा आणि फळी दाराबाहेर निघू द्या. मात्र त्या वेळी गल्लीतून मुले ये-जा करणार नाहीत, हे पाहा. मशीन जमिनीवर किंवा हलत्या पेटीवर ठेवून चालवू नका. भक्कम टेबलाला बोल्टने आवळा. फळीला दोन्ही बाजूंनी समान उंचीचा आधार द्या. आधार नसला तर टोक लोंबते, फळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पाते खोल जाते, आणि चांगली फळी वाया जाते.

वायर बारीक आणि लांब असली की दाब कमी पडून मोटर तापते. १५ किंवा १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर वापरा. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन तोडून मशीन चालवू नका. आखातातून परतणारे बांधव अवजारे घेऊन येतात, कधी अमेरिकी मशीनही असते. ते ११० व्होल्टचे असेल तर आपल्या बोर्डाला लावताच जळेल. आधी मशीनवरची पट्टी वाचा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. वीज गेली की आधी बटण बंद करा. नाहीतर वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होईल, आणि तेव्हा कोणाचा हात कुठे असेल ते सांगता येत नाही.

चालवताना

वाकलेली किंवा पीळ पडलेली फळी या मशीनमध्ये सरळ होत नाही. रोलर तिला दाबून सपाट करतात आणि बाहेर पडताच ती पुन्हा वाकते. आधी एक बाजू हातरंध्याने सपाट करा, ती बाजू खाली ठेवा, मग वरची मशीनने काढा.

एका वेळी एक सूत काढण्याचा मोह सोडा. सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर झाले. मऊ लाकडात अर्धा सूत, आणि सागवान किंवा शिसम रुंद असेल तर त्याहून कमी, एवढाच काप घ्या. दोन फेऱ्या जास्त झाल्या तर पाच मिनिटे जातील, पण मोटर आणि फळी दोन्ही वाचतील. पाती लाकडाच्या रेषेविरुद्ध जाणार नाहीत अशा बाजूने फळी सारा.

एक फुटापेक्षा आखूड तुकडा टाकू नका. दोन रोलरच्या मधे तो सुटला की पाती त्याला मागे फेकतात. म्हणून फळीच्या रेषेत उभे राहू नका, बाजूला उभे राहा. मशीनच्या तोंडात वाकून पाहू नका. हातमोजे घालू नका. रोलर मोज्यासकट हात ओढतात. कुर्त्याच्या बाह्या दुमडा, गळ्यातला रुमाल काढून ठेवा.

जुन्या वाड्यांचे आणि भंगार जहाजांचे सागवान स्वस्त मिळते आणि टिकाऊही असते. पण त्यात खिळे असतात. प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा आणि सापडलेला खिळा ठोकून आत न घालता उपटून काढा. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे रंगवलेली फळी तशीच मशीनमध्ये घालू नका. प्लायवूड आणि एमडीएफ तर यात टाकूच नका. त्यातील सरस पात्यांची धार घालवतो.

कान आणि छाती

बोट गेले तर रक्त दिसते. कान आणि छाती जातात तेव्हा काही दिसत नाही. या मशीनचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबल ही मर्यादा कारखान्यांच्या नियमांत अनेक वर्षे होती. शंभरी रुपयांचे कानातले बोळे आणि पोरांचा आळस, एवढाच हा प्रश्न आहे. लाकडाच्या धुळीचे तसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये ही धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. नाकाच्या पोकळीचा कर्करोग त्यात मुख्य आहे. मशीनला भुसा ओढणारा पंखा जोडा, चांगला मास्क द्या, आणि कपड्यांवरचा भुसा हवेच्या पाइपने उडवू नका. भुशाच्या ढिगाजवळ बिडी पेटवणाऱ्याला तर बाहेरच काढा.

निगा

पाती तपासण्याआधी प्लग हातात घ्या. केवळ बटण बंद करून भागत नाही. पाती नेहमी जोडीने बदला, सोबत मिळालेल्या मापाने त्यांची उंची सारखी करा आणि सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा. सागवानात वाळूसारखा सिलिका असतो, त्यामुळे धार लवकर जाते. फळीवर एक उभी उंच रेष सारखी उमटू लागली तर पात्याला खाच पडली असे समजा. बोथट पात्याने फळी ढकलावी लागते, आणि ढकलणारा हात तोंडाजवळ जातो. रबरी रोलरवरचा डिंक साबणाच्या पाण्याने पुसा. पावसाळ्यात लोखंडी पाटावर गंज येतो. त्यावर मेण घासून ठेवा, फळीही सहज सरकेल. मोटरचे कार्बन झिजले की वेळेवर बदला.

उस्तादांची जबाबदारी

या सर्वाला रोज वीस मिनिटे लागतात. आमच्या मालकांना ती वीस मिनिटे जड जातात, खरी अडचण येथे आहे. पूर्वी उस्ताद शागिर्दाला रंध्याला धार लावायला महिनोन्महिने शिकवत असे, मगच फळी हातात देत असे. आता मशीन आले आणि शिकवणे गेले. काल गावाहून आलेल्या मुलाला आज सांगतात, "बटण दाब, फळी टाक."

१४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने सर्वच धंद्यांत मनाई केली. माझे म्हणणे असे की, १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणत्याही मुलाला या मशीनला हात लावू देऊ नये. मग तो स्वतःचा मुलगा का असेना. त्यानंतरही पहिले काही दिवस उस्तादाने बाजूला उभे राहून काम करून घ्यावे.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, हे आपण मिंबरवरून ऐकतो आणि बरेच मालक ते पाळतातही. पण तो सकाळी जितकी बोटे घेऊन आला तितकीच घेऊन संध्याकाळी घरी जावा, हाही त्याचा हक्क आहे. म्हणून मशीनची चौकशी कराल तेव्हा जाड वायर, भुशाचा पंखा, मास्क, कानाचे बोळे आणि पात्यांची जास्तीची जोडी यांचाही भाव विचारा. एवढे मिळून जी रक्कम होईल ती मशीनची खरी किंमत. तेवढी ऐपत आज नसेल तर सहा महिने हातरंध्यावर काढावेत, त्यात कमीपणा नाही. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि आपल्या कारागिरांचे हात सलामत ठेवो.