संकेतस्थळ: दृश्यकलेचे हक्काचे माध्यम

पाहणाऱ्याच्या क्लिकने, टाइप केलेल्या शब्दाने किंवा बोटाच्या सरकण्याने ज्या संकेतस्थळावरचे दृश्य बदलते, आणि त्या बदलण्यातच कृतीचा अर्थ असतो, ते संकेतस्थळ दृश्यकलेची कृती ठरते. वीजबिल भरण्याचे संकेतस्थळही क्लिकला उत्तर देते, पण तिथे क्लिक हे काम उरकण्याचे साधन असते. हा फरक नजरेआड केला की नेहमीचा आक्षेप पुढे येतो: संकेतस्थळ ही उपयोगाची वस्तू, फार तर तिची मांडणी सुबक म्हणावी. पण कागदावर वाण्याची यादीही लिहितात आणि जलरंगातले निसर्गचित्रही काढतात. यादीमुळे चित्राचे चित्रपण कमी होत नाही.

ओल्या लियालिना या रशियन कलावतीने 1996 साली केलेली कृती इथे बारकाईने पाहण्याजोगी आहे. या कृतीच्या नावाचा अर्थ ‘माझा प्रियकर युद्धावरून परतला’ असा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि काही कृष्णधवल चित्रे, एवढेच तिचे साहित्य. वाक्यावर क्लिक केले की चौकट दुभंगते. पुन्हा क्लिक केले की त्या तुकड्याचेही तुकडे होतात. दोघांचे बोलणे पुढे सरकते तसा पडदा लहान लहान खणांत फुटत जातो आणि शेवटी बरेच खण काळे, रिकामे उरतात. दोन माणसांतला दुरावा इथे चौकटींच्या फुटण्यातून दिसतो आणि तो पाहणाऱ्याच्याच हातून घडतो. कॅनव्हासवर किंवा चित्रपटात हे असे करता आले नसते. माध्यमाला स्वतःचे म्हणणे आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा कुठला?

मुंबईतही हे काम लवकर सुरू झाले. सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांनी 2003 मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयासाठी इंटरनेटवरची एक कृती केली. तिच्यासाठी नेटवर्कची केबल निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन आशीर्वादित करून घेतली होती. संकेतस्थळावर येणाऱ्याने तो आशीर्वाद पडद्यावरून घ्यायचा. श्रद्धा आणि तंत्रज्ञान यांची ही गाठ भिंतीवरच्या चित्रात मांडता आली असती, पण आशीर्वाद घेण्याची कृती प्रेक्षकाला स्वतः करावी लागली नसती. कृतीचे बळ नेमके तिथे आहे.

प्रेक्षकच सगळे ठरवणार असेल तर कलावंताचे काय उरले, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. तो जरा घाईचा आहे. प्रेक्षक वाट निवडतो. वाटा आखतो कलावंत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत पोथीतली सुटी चित्रे एकामागून एक समोर धरून कथा सांगितली जाते. दाखवणारा आणि सांगणारा नसेल तर ती चित्रे अर्धीच राहतात, तरी त्यांना चित्रकला म्हणायला कोणी कचरत नाही. मुलुंडच्या महाकवी कालिदास नाट्यमंदिरात एकाच नाटकाचे दोन प्रयोग सारखे होत नाहीत, म्हणून नाटककाराचे श्रेय कोणी काढून घेत नाही.

‘पॅड.मा’ हे उदाहरण अधिक अवघड आहे आणि म्हणूनच मोलाचे. मुंबईचा ‘कॅम्प’ हा कलावंतांचा स्टुडिओ आणि त्याचे बंगळुरू व बर्लिनचे सहकारी यांनी 2008 मध्ये सुरू केलेला हा व्हिडिओंचा खुला संग्रह. त्यात पुऱ्या झालेल्या चित्रपटांपेक्षा चित्रीकरणाचे कच्चे साहित्य महत्त्वाचे. व्हिडिओखाली एक आडवी पट्टी असते. प्रत्येक फ्रेम दाबून एका उभ्या रेघेएवढी केलेली आणि अशा हजारो रेघा शेजारी शेजारी लावलेल्या. जिथे कट आहे तिथे रंग एकदम तुटतो. कॅमेरा स्थिर असेल तिथे पट्टी सपाट, शांत दिसते. तासाभराचे चित्रीकरण एका नजरेत, जणू लांबट अमूर्त चित्र म्हणून समोर येते आणि त्यातल्या कुठल्याही क्षणावर बोट ठेवून तिथे जाता येते, तिथे टिपण जोडता येते. हा दस्तऐवजांचा साठा आहे, कला नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी ही पट्टी पाहावी. काळ डोळ्यांना कसा दिसावा हा प्रश्न चित्रकाराचाच आहे.

मूळ प्रत नसलेली वस्तू कलाकृती कशी, हा आक्षेप मात्र उलट बाजूने पाहायला हवा. मुंबईतली मोठी कलादालने आणि संग्रहालये काळा घोडा, फोर्ट, भायखळा इकडे एकवटली आहेत. मुलुंडसारख्या उपनगरातल्या घरात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे चित्र पडद्यावर पाहिले तर दिसते ती छायाप्रत. रंगाचे थर आणि आकारमान हरवते. लियालिनाची कृती त्याच पडद्यावर उघडली तर समोर असते ती मूळ कृती, लंडनमध्ये दिसते तीच. दृश्यकलेच्या इतिहासात उपनगरातल्या प्रेक्षकाला असे समान स्थान क्वचितच मिळाले आहे. विक्रीचीही अडचण नाही. डच-ब्राझिलियन कलावंत राफाएल रोझेंडाल संकेतस्थळे डोमेन नावासकट विकतात आणि विकलेली कृती सर्वांसाठी खुली ठेवण्याची अट करारात घालतात.

एकच आक्षेप खरा आहे: या कृती टिकत नाहीत. अडोबीने 31 डिसेंबर 2020 रोजी फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार बंद केला आणि त्यावर बेतलेल्या असंख्य कृती साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. पण क्षणभंगुर असणे म्हणजे कला नसणे नव्हे. दादासाहेब फाळके यांच्या 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच आज शिल्लक आहे, त्यावरून चित्रपट ही कला नाही असे कोणी म्हणत नाही, उलट पुण्यात चित्रपट संग्रहालय उभारले गेले. संकेतस्थळांसाठीही तेच करायला हवे. न्यूयॉर्कच्या ‘ऱ्हायझोम’ संस्थेने 1999 पासून अशा कृतींचा संग्रह जपला असून जुने ब्राउझर नव्या संगणकावर चालवून त्या पूर्वीसारख्या दाखवण्याचे तंत्रही विकसित केले आहे. महाराष्ट्रातल्या कलासंस्थांनी इथल्या कलावंतांच्या कृतींचे कोड, त्या ज्यावर चालत असत ते ब्राउझर आणि त्यांची डोमेन नावे आताच ताब्यात घेऊन जपावीत.